नव्वद दिवस पुसायचं नाही

“कडीवर पण मारा,” मालनताई म्हणाल्या. “आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही. बाहेरच्या कडीला दूधवाल्याचा हात लागतो.”

मी फवाऱ्याची बंदूक कडीकडे वळवली. बारीक धुकं उडालं, लोखंडावर क्षणभर ओल दिसली आणि वाळूनही गेली. काही मारलंय असं दिसूच नये, हीच आमच्या जंतुरोधक लेपाची खासियत होती. सांगलीतल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मी सकाळी दहाला शिरलो होतो आणि दुपारचे अडीच वाजले तरी सुटका नव्हती. एवढ्या घराला खरं तर दीड तास पुरतो. पण मालनताई माझ्यापुढे चालत होत्या आणि एकेक जागा दाखवत होत्या. दिव्यांची बटणं, नळ, फ्रीजचं दार, खुर्च्यांचे हात, पिंपाचं झाकण. एवढं झाल्यावर त्यांनी आतून एक ताट भरून आणलं. त्यात चष्म्याची डबी होती, टीव्हीचा रिमोट होता, ब्रशांच्या दांड्या होत्या आणि चित्रकलेच्या रंगांच्या अर्धवट पिळलेल्या नळ्या होत्या. नळ्यांवरसुद्धा मारायचं होतं.

रंग तेरदाळे सरांचे, म्हणजे मालनताईंच्या यजमानांचे. शांतिनाथ तेरदाळे एका हायस्कुलात चित्रकला शिकवत. दोन्ही किडन्या गेल्यामुळे दोन वर्षं ते डायलिसिसवर होते आणि पाच महिन्यांपूर्वी त्यांना एक किडनी बसवली होती. ती मालनताईंची होती. नवी किडनी शरीरानं परकी म्हणून टाकून देऊ नये यासाठी सरांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवली होती. आपल्याला साधी सर्दी करून जाणारा जंतू त्यांना आडवा करू शकत होता. त्यात करोनाची दुसरी लाट ओसरून जेमतेम चार महिने झालेले. लोक अजून भाजीसुद्धा धुऊन घेत होते.

फवारणी चालू असताना सरांना गॅलरीत बसवलं होतं. तोंडाला दुहेरी मास्क, मांडीवर वही. तिथूनच त्यांनी मला माझं नाव विचारलं. भरतेश मगदूम म्हटल्यावर कुठले मगदूम, घरी कोण कोण, सगळी चौकशी झाली. मग म्हणाले, आपण जैन लोक पाणीसुद्धा गाळून पितो, न दिसणारा जीव मरू नये म्हणून, आणि आमची मालन चांदीचा फवारा मारून घरातले सगळे न दिसणारे जीव मारायला निघालीय. मी हसलो. मालनताई हसल्या नाहीत. त्यांचं लक्ष खिडकीच्या गजांकडे होतं.

त्यांचे हात मी तेव्हाच पाहिले. पाच महिने, दिवसातून तीन वेळा, जंतुनाशक घातलेल्या पाण्यानं त्या घर पुसत होत्या. बोटांची सालं निघाली होती, नखांच्या कडा फाटल्या होत्या. एक किडनी काढून दिलेली बाई पाच महिने जमिनीवर वाकून फरशी पुसत होती आणि तिला कुणी थांबवू शकत नव्हतं.

काम संपल्यावर मी कंपनीचं कार्ड त्यांच्या हातात दिलं आणि नेहमीचं सांगितलं. नव्वद दिवस कशालाही ओलं फडकं लावायचं नाही. फिनेल नाही, साबण नाही, ते जंतुनाशकाचं पाणी तर अजिबातच नाही, कारण त्यानं लेप निघून जातो. फक्त कोरड्या कापडानं धूळ झटकायची.

त्यांनी कार्ड दोनदा वाचलं.

“म्हणजे मी काहीच करायचं नाही?”

“काही नाही, ताई. बाकीचं तो करतो.”

“तो कोण?”

“लेप.”

तेव्हा त्या हसल्या. मग जवळच्या खुर्चीत बसल्या, पाठ टेकली आणि डोळे मिटले. गॅलरीतून सर म्हणाले की पाच महिन्यांत ही दुपारची पहिल्यांदा टेकलीय. मी माझं सामान हळूच गोळा केलं, आवाज होऊ नये म्हणून. जिना उतरताना मला फार बरं वाटत होतं, हेही सांगून टाकतो.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका भाड्याच्या शेडमध्ये आमची कंपनी होती. मालक राजशेखर खोत, हाताखाली आम्ही सहा जण. सूक्ष्मजीवशास्त्रात बी. एस्सी. झालेला मी एकटाच, त्यामुळे माल तयार करणं, तपासणं आणि मोठ्या कामांना स्वतः जाऊन फवारणं हे सगळं माझ्याकडे होतं. लेपात चांदीचे कण असत. केसाच्या जाडीत काही हजार मावतील इतके बारीक. ते सुटे सुटे राहिले तर पृष्ठभागावर चिकटून बसतात आणि त्यावर आलेला जंतू टिकत नाही. पुस्तकातली विद्या नाही, मी स्वतः करून पाहिलेली गोष्ट आहे. लेप दिलेल्या फरशीवर आणि साध्या फरशीवर एकसारखे जंतू सोडायचे, दुसऱ्या दिवशी दोन्हींवरून कापसाचा बोळा फिरवायचा आणि काचेच्या बशीतल्या खाद्यावर टेकवायचा. साध्या फरशीच्या बशीत ठिपकेच ठिपके उगवायचे. लेपाच्या बशीत एखाद-दुसरा, किंवा तोही नाही. पहिल्यांदा ती रिकामी बशी पाहिली तेव्हा मी ती घरी नेऊन आईला दाखवली होती. तिला त्यात काहीच दिसलं नाही, आणि मी म्हणत होतो, अगं, काही दिसत नाही हेच तर बघायचंय.

प्रत्येक घाण्याचा, म्हणजे एका वेळी केलेल्या मालाचा, एक नमुना फरशीच्या तुकड्यावर मारून मी कपाटात ठेवत असे आणि तो तपासून मगच माल बाहेर पडायचा. दसऱ्याच्या आधी मागणी एवढी वाढली की खोतसाहेबांनी सांगितलं, तपासणी मागून करत बस, माल आधी जाऊ दे. मालन तेरदाळेंच्या घरी गेलेला माल त्यातलाच.

दिवाळी झाल्यावर जरा सवड मिळाली आणि मी राहिलेले नमुने तपासायला घेतले. तिसऱ्या दिवशी सकाळी बशा ठेवलेलं कपाट उघडलं. दसऱ्याच्या घाण्याच्या तिन्ही बशा ठिपक्यांनी भरल्या होत्या. साध्या फरशीची बशी शेजारी ठेवली, तर कुठली कुठली ते सांगता येईना.

मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग त्या घाण्याचा उरलेला एक कॅन काढून उजेडात धरला. तळाशी बोटभर राखाडी गाळ बसला होता. चांदीचे कण एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे झाले होते. वरचं जे होतं ते जवळजवळ नुसतं पाणीच होतं. म्हणजे त्या पंधरवड्यात आम्ही लोकांच्या घरात पाणी फवारून आलो होतो, आणि वर सांगून आलो होतो की नव्वद दिवस पुसू नका.

मी बशा घेऊन खोतसाहेबांच्या खोलीत गेलो. त्यांनी त्या बघितल्या नाहीत. झाकण लावून ठेव, वास येतो, म्हणाले. मग म्हणाले, नव्वद दिवस संपले की त्या सगळ्या घरांना एक हात फुकट मारून देऊ, विषय संपला. मी म्हणालो, साहेब, त्यात आजारी माणसांची घरं आहेत. लोकांनी पुसणं बंद केलंय. ते शांतपणे उठले, कपाटातून फाइल काढली आणि त्या घाण्याचा कागद माझ्यापुढे ठेवला.

“सही कुणाची आहे, वाच.”

सही माझी होती. माल तपासून योग्य आढळला, या ओळीखाली. त्या धांदलीत मी पाच कोऱ्या कागदांवर एकदम सह्या करून ठेवल्या होत्या.

त्यानंतर मी चार दिवस काही केलं नाही. या चार दिवसांबद्दल मला फार काही सांगता येत नाही. कामावर जात होतो, जेवत होतो. फोन हातात घेऊन तेरदाळेंचा नंबर काढायचो आणि परत ठेवायचो. सरांना काही झालं नसेल, कशाला त्या बाईला घाबरवायचं, असं स्वतःला समजावत होतो. नोकरी जाईल, हेही होतंच. आठ महिने घरी बसून मिळालेली नोकरी होती. पाचव्या दिवशी सकाळी अंघोळ करताना मला मालनताईंनी खुर्चीत मिटलेले डोळे आठवले आणि मी ओल्या अंगानंच कपडे चढवून निघालो.

दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाईंनी सांगितलं, सरांना परवा ताप भरला. काल पहाटे धाप लागली म्हणून मिरजेला नेलं.

मिरजेतल्या त्या खासगी दवाखान्यात अतिदक्षता विभाग दुसऱ्या मजल्यावर होता. बाहेरच्या बोळात लोखंडी बाकांची रांग होती, आणि शेवटच्या बाकावर मालनताई बसल्या होत्या. शेजारी त्यांचे दीर होते, धनपाल, शेती करणारे. मला बघून मालनताईंना आनंदच झाला. कंपनीचा माणूस चौकशीला आला, असं त्यांना वाटलं. दिरांना म्हणाल्या, घराला लेप मारला तो हाच मुलगा. मग मला सगळं सांगत सुटल्या. फुप्फुसात संसर्ग आहे. कुठून आला ते डॉक्टरांना सांगता येत नाही. हवेतून, अन्नातून, अंगातूनच, कुठूनही असेल म्हणतात. संसर्ग आवरायचा तर किडनी सांभाळणारी औषधं कमी करावी लागतील, आणि ती कमी केली तर किडनी जाऊ शकते. काल रात्रीपासून कमी केलीत.

“मी काही कमी केलं नाही हो,” त्या म्हणाल्या. “कार्डावर लिहिलंय तसंच केलं सगळं. एकदासुद्धा ओलं फडकं लावलं नाही. एकदा यांच्या हातून टेबलावर ताक सांडलं, तेसुद्धा कोरड्या कापडानं टिपलं.”

मी त्यांच्यापुढे जमिनीवरच उकिडवा बसलो.

“ताई, लेप खराब होता.”

त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. तुमच्या घरी मारलेला माल खराब निघाला. त्यात काही दम नव्हता. नुसतं पाणी होतं. मला पाच दिवसांपूर्वी कळलं.

धनपाल उठले आणि त्यांनी माझी कॉलर धरली. मी धरू दिली. ते काही बोलत होते, मोठ्यानं, आतून परिचारिका बाहेर आली. मालनताई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्या आपल्या हातांकडे बघत होत्या. महिनाभरात त्या हातांची कातडी भरून आली होती. बोटं पुन्हा माणसाच्या बोटांसारखी दिसत होती.

“पुसायला पाहिजे होतं,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं परत म्हणाल्या, “पुसायला पाहिजे होतं मी.”

मी म्हणालो, ताई, तुमची चूक नाही, आम्हीच सांगितलं होतं पुसू नका. त्यांनी ते ऐकलंच नाही. धनपाल बाकाच्या टोकाला जाऊन तोंड फिरवून बसले. मी तिथंच जमिनीवर. कुणीतरी औषधांची पिशवी घेऊन आत गेलं, कुणीतरी रडत बाहेर आलं. मग मालनताईंनी विचारलं,

“आणखी कुणाच्या घरी मारलंस?”

तोवर त्या मला अहो-जाहो करत होत्या.

मी म्हणालो, सतरा घरं. कुणाकुणाची, त्यांनी विचारलं. मला पाठ होती, चार दिवस तीच तर मोजत होतो. कर्करोगाची औषधं चालू असलेली एक बाई, वेळेआधी जन्मलेली जुळी, नुकतंच हृदयाचं ऑपरेशन झालेले एक म्हातारे गृहस्थ. बाकीची धडधाकट माणसांची, पण त्यांच्या घरातही कुणी ना कुणी म्हातारं होतंच.

“त्यांना सांगितलंस?”

“नाही.”

त्या उठल्या. पदर खोचला. धनपाल म्हणाले, वहिनी, कुठं निघाला? त्या म्हणाल्या, “इथं बसून मी काय करते? पाच वाजता दहा मिनिटं आत सोडतात. तोवर मी येते. तुम्ही बसा.” आणि मला म्हणाल्या, “गाडी आहे ना तुझी?”

मला वाटलं होतं, त्या मला मारतील. तसं झालं असतं तर सोपं गेलं असतं.

जुळ्यांच्या घरी आम्ही आधी गेलो, मिरजेतच होतं म्हणून. दार त्या मुलांच्या आईनं उघडलं, पंचविशीची असेल. मी बोलायला सुरुवात केली तशी तिनं दार लोटायला घेतलं. माल विकायला आलेले लोक असं काहीतरी सांगून नवीन गळ्यात मारतात, असं तिला वाटलं असणार. मालनताईंनी दारात हात घातला. म्हणाल्या, “बाई, माझा नवरा दवाखान्यात आहे. आमच्या घरी हाच माल मारला होता. मी विश्वासानं पुसणं बंद केलं. तू करू नकोस.”

तिनं आम्हाला आत घेतलं. मुलांचे कपडे बदलायचं टेबल तिनं महिनाभरात एकदाही धुतलं नव्हतं. कार्ड भिंतीवर चिकटवून ठेवलं होतं. मालनताईंनी तिच्याकडे बादली मागितली. जंतुनाशक किती, पाणी किती, ते मोजून घातलं आणि तिला दाखवलं, की फडकं फिरवून लगेच कोरडं करायचं नाही, दहा मिनिटं तसंच ओलं राहू द्यायचं, जंतू मरायला वेळ लागतो, मग साध्या पाण्यानं पुसून घ्यायचं. ती दहा मिनिटं आम्ही तिघं त्या टेबलाभोवती गप्प उभे होतो. पाळण्यातली दोन्ही मुलं झोपली होती. प्रत्येकाचं डोकं माझ्या मुठीएवढं. निघताना मालनताईंनी भिंतीवरचं कार्ड काढून स्वतःच्या पिशवीत टाकलं.

असं आम्ही त्या दिवशी आठ घरं केली आणि दुसऱ्या दिवशी नऊ. पाचच्या ठोक्याला मी त्यांना दवाखान्यात सोडायचो. त्या आत दहा मिनिटं जाऊन यायच्या, काय झालं ते सांगायच्या नाहीत, आणि मी विचारायचो नाही. पण बाहेर आल्यावर त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नसे. पहिल्या दिवशी सर शुद्धीवर होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घशात नळी घातली होती.

सगळीकडे जुळ्यांच्या घरासारखं झालं नाही. एका घरात एका निवृत्त गृहस्थांनी आमचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं आणि माझ्या थोबाडीत दिली. एक जण म्हणाले, आम्हाला तर चांगला गुण आलाय, महिनाभरात घरात कुणाला शिंकसुद्धा नाही, तुम्हीच काहीतरी घोटाळा करताय. त्यांना पटवायला तास गेला. कर्करोगाच्या बाईंच्या घरी गेलो तर त्या स्वतःच बाहेर आल्या. डोक्याला रुमाल बांधलेला, हातात विणकाम. ऐकून म्हणाल्या, मला कधी खरं वाटलंच नव्हतं, मी रोज चोरून पुसतच होते, कंपनीवाल्यांना सांगू नका. त्या दोन दिवसांत तेवढ्यापुरत्या मालनताई हसल्या आणि लगेच त्यांना रडू कोसळलं. त्या बाईंनी त्यांना जवळ घेतलं. मी अंगणात उभा राहिलो.

रस्त्यात गाडीवर आम्ही फारसं बोलत नव्हतो. फक्त एकदा, दुसऱ्या दिवशी, माधवनगरच्या फाटकाशी रेल्वे जायची वाट बघत उभे होतो तेव्हा त्या मागून म्हणाल्या,

“डॉक्टर म्हणतात कुठूनही आला असेल. लेप चांगला असता तरी आला असता, असंही म्हणतात.”

मी म्हणालो, “होय, ताई. तसं असू शकतं.”

“पण मी पुसत होते तोवर आला नव्हता.”

विज्ञान शिकलेल्या माणसाला माहीत असतं, की एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. हे मला आजही माहीत आहे. त्याचा मला आजवर काही उपयोग झालेला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत खोतसाहेबांकडे अकरा फोन गेले होते. त्यांनी मला कामावरून काढलं आणि माझ्याविरुद्ध तक्रार करायची धमकी दिली. तक्रार काही केली नाही. चार-सहा महिन्यांत ती शेड बंद पडली. तिथं आता पत्र्याचे डबे होतात.

सर वाचले. सतरा दिवसांनी त्यांच्या घशातली नळी निघाली, महिन्याभरानं ते घरी आले. पण किडनी गेली. जंतूंना मारण्यासाठी औषधं कमी केली आणि तेवढ्यात शरीरानं ती परकी ठरवून टाकली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस पुन्हा सुरू झालं. नंतर ते साडेतीन वर्षं जगले. मालनताईंजवळ द्यायला दुसरी नव्हती.

सर घरी आल्याचं मला त्या कर्करोगाच्या बाईंकडून कळलं. त्यांचं मालनताईंशी फोनवर बोलणं होत असे. मी आठवडाभर जाऊ की नको करत होतो, आणि एका रविवारी सकाळी गेलो. फळं घेतली नाहीत, बाहेरचं काही नेऊ नये म्हणून.

मालनताईंनी दार उघडलं आणि मला बाहेरच्या खोलीत बसायला सांगितलं. हात पुन्हा पहिल्यासारखे झाले होते. सर आत झोपले होते. त्यांची बारीक घरघर ऐकू येत होती. त्या समोर बसल्या. नोकरीचं काय, आई कशी आहे, असं विचारलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच मला सहन होईना. दोन दिवस त्यांनी माझ्या मागे गाडीवर बसून शहर पालथं घातलं होतं, दर घरात माझी बाजू घेतली होती. हा मुलगा प्रामाणिक आहे, स्वतः होऊन सांगायला आलाय, असं सतरा घरांत सांगितलं होतं.

मग त्यांनी विचारलं. सहज विचारलं असावं, किंवा इतके दिवस मनात धरून ठेवलेलं असावं, मला ठरवता आलं नाही.

“तो माल खराब झाला म्हणजे काय झालं रे? आपोआप झाला?”

आपोआप झाला, असं म्हणता आलं असतं. त्यांना रसायनातलं काही कळणार नव्हतं.

“नाही, ताई. त्यात बोअरचं पाणी पडलं.”

मी सांगितलं, की लेपाला शुद्ध केलेलं पाणी लागतं. दसऱ्याच्या आठवड्यात ते आलंच नाही. आमच्या शेडमध्ये बोअर होती, तिचं पाणी मचूळ, क्षार भरलेलं. दुधात मीठ पडलं की जसं ते नासतं तसे चांदीचे ते बारीक कण क्षाराच्या पाण्यात फाटतात, गोळा होतात. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे हे. खोतसाहेब म्हणाले, पाणी ते पाणी, ओत.

“कुणी ओतलं?”

“मी.”

“तुला माहीत होतं?”

“होतं. मी त्यांना एकदा नाही म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणालो नाही. मला वाटलं, थोडं कमी काम करेल, पण करेल.”

आतली घरघर थांबली, पुन्हा सुरू झाली. मालनताईंनी माझ्याकडे बघितलं नाही. बोलल्या तेव्हा आवाज अगदी साधा होता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा.

“हे तू त्या दिवशी दवाखान्यात सांगितलं असतंस, तर मी तुझ्या गाडीवर बसले नसते. आणि तू एकटा गेला असतास तर त्या जुळ्यांच्या आईनं दार उघडलं नसतं. बरं झालं, तेव्हा सांगितलं नाहीस.”

मी मान खाली घातली. मला वाटलं, यापुढे त्या आणखी काही बोलतील, आणि ते ऐकायला मी तयार होतो.

“आता जा,” त्या म्हणाल्या. “परत येऊ नकोस. आणि यांना हे कधी सांगायचं नाही. फोनवर नाही, चिठ्ठीतून नाही.”

“सरांना सांगायला हवं, ताई. त्यांचा हक्क आहे.”

“ते तुला लगेच माफ करतील,” मालनताई म्हणाल्या. “तसा स्वभावच आहे त्यांचा. ते मला चालणार नाही.”

मी उठलो. दारापर्यंत त्या आल्या. मी चपला घालत होतो तेवढ्यात आतून सरांचा आवाज आला, झोपेतून उठलेला, बारीक. मालन, कोण आलंय गं?

त्यांनी दारावर हात ठेवला. माझ्याकडे बघत होत्या, आणि बोलत होत्या आतल्या खोलीशी.

“कुणी नाही,” त्या म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.